चोरकप्पा

आपण लग्नात फोटो काढतो, असं इंद्रजीत निकम सांगायचा. लग्नघरच्या बायकांना विचारलं तर त्या म्हणायच्या, फोटो काय कुणीही काढतं, हा माणूस बॅग सांभाळतो. आणि त्यांचंही खरंच होतं. कन्नडपासून गारखेड्यापर्यंत तशी रीतच पडून गेली होती. मांडवात पिशव्यांचा ढीग, कुणाची कोणती याचा पत्ता नाही; पण फोटोवाल्याच्या काळ्या बॅगेला कुणी हात लावत नाही आणि तिच्यावरची त्याची नजर हलत नाही. तेव्हा मामीची पर्स, नवरदेवाचा मोबाइल, व्याह्यांच्या गोळ्या, नवरीच्या पाटल्या, सगळं तिच्यात. "भाऊ, एवढं ठिवा जरा तुमच्याकडं." इंद्रजीत लेन्स कडेला सरकवायचा आणि ठेवायचा. एकदा कुणी रुखवतातला चिवडाच आत कोंबला. कॅमेरा तेलकट झाला, तर नवरीची आत्या त्यालाच म्हणाली, "सांडला का हो चिवडा?"

स्टुडिओ थोरल्या भावाचा, सर्जेरावाचा. वडील गेले तेव्हा इंद्रजीत शाळकरी होता. सर्जेरावानं पिशोरची जमीन बटाईनं लावली, शहराच्या कडेला गारखेड्यात गाळा घेऊन स्टुडिओ टाकला आणि धाकट्याला पोटच्या पोरासारखं वाढवलं. तेव्हा गाळ्यामागं ज्वारी उभी असायची. आता तिथं इमारती उभ्या होत्या आणि त्यांच्या पायथ्याशी टँकरची वाट बघणारे ड्रम. शहर वाढलं तशी लग्नंही वाढली आणि सर्जेरावानं सगळी घेतली. तो इंद्रजीतवर कधी रागावला नाही. पंचाईत तिथंच होती. रागावणाऱ्या माणसाशी भांडून बाहेर पडता येतं. हा बाबा जेवताना स्वतःच्या ताटातली भाजी उचलून याच्या ताटात घालायचा. अशा माणसाशी भांडायचं तरी कशावरून?

पण इंद्रजीतला लग्नांचा वीट आला होता. तीच हळद, तेच हार, तेच "इकडं बघा, हसा." हसा म्हणताना स्वतःचे गाल दुखायचे. बायको मंजुषाला तो म्हणायचा, "मला कुणीतरी मांडवाच्या खांबाला बांधून ठिवलंय." ती म्हणायची, "मंग दादांना सांगा की." तो लेन्स पुसायला घ्यायचा.

सुटायची वाट निघाली ती दुष्काळातून. दोन हजार सोळाचा उन्हाळा. पाऊस लागोपाठ दगा देऊन गेला होता. कॉलेजात जुन्या वास्तूंचा विषय शिकवणाऱ्या नीरजा मॅडम पुतणीच्या लग्नाचा अल्बम न्यायला स्टुडिओत आल्या आणि एका फोटोवर थांबल्या. "नवरी ठीक आहे हो," त्या म्हणाल्या, "पण तिच्या मागची देवळाची चौकट काय सुरेख काढलीत!" इंद्रजीतच्या आयुष्यात अशी दाद कुणी दिली नव्हती. मग मॅडमनी काम सांगितलं. जिल्ह्यातल्या जुन्या बारवा, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरी, यंदा तळापर्यंत आटल्या होत्या. एरवी पाण्याखाली असणारी शिल्पं उघडी पडली होती. पाऊस यायच्या आत त्या सगळ्यांचे फोटो घ्यायचे होते. मधे खंड चालणार नव्हता, कारण पाऊस कधी येईल ते कुणाच्या हातात नव्हतं. "याल का?"

इंद्रजीतनं चार दिवस चालढकल करून शेवटी भावाला सांगितलं. ऐन लग्नसराई होती. सर्जेराव थोडा वेळ अल्बमची पानं उलटत राहिला. "जा की," तो म्हणाला. "रविवारचं लग्न तेवढं काढून दे. अन् नवी बॅग घे, जुनीचा बंद तुटत आलाय. चाकाची घे, सगळा संसार बसतो तिच्यात."

औरंगपुऱ्यातल्या हिमांशूच्या कॅमेऱ्यांच्या दुकानात इंद्रजीतनं अख्खी सकाळ घालवली. मुलगी बघायला गेला होता तेव्हाही त्यानं इतके प्रश्न विचारले नव्हते. हिमांशूनं आधी चाकांची पेटी पुढं ओढली. "ये लेके जाओ भाऊ, सर्जेरावदादांचा फोन आला होता." पेटी मोठी देखणी होती. फ्लॅश, स्टँड, बॅटऱ्या, सगळ्याला घर. इंद्रजीतनं झाकण उघडलं आणि त्याला त्या रिकाम्या जागेत पर्सा, पाटल्या, गोळ्या आणि चिवडा दिसायला लागला. त्यानं झाकण लावलं. बारवेच्या पायऱ्यांवर चाकं काय कामाची? खांद्यावरची बॅग उतरताना पुढं घसरणार आणि भिंतीवर आपटणार. "पाठीवरची सॅक घ्या," मॅडमनी बजावलं होतं. "उतरताना दोन्ही हात मोकळे पाहिजेत."

त्यानं सॅका पाठीला लावून बघितल्या, आरशापुढं वाकला, दुकानाच्या जिन्यावरून चढला-उतरला. एक मोठी निघाली, एकीचे पट्टे काचले. शेवटी एक करड्या रंगाची हाती आली. एक कॅमेरा, दोन लेन्स, बस्स. मधले पडदे असे घट्ट की रुमाल घालायलाही जागा नाही. हिमांशूनं पाठीकडची चेन ओढून दाखवली. "इथं चोरकप्पा आहे. पाठीला चिकटून राहतो, कुणाला कळत नाही."

"मला काय करायचाय चोरकप्पा?" इंद्रजीत हसून म्हणाला. मनात त्याला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. या बॅगेत दुसऱ्या कुणाचं काही मावणार नव्हतं.

रविवारच्या गारखेड्यातल्या लग्नात त्यानं ती मुद्दाम नेली. नवरीची मावशी गोजरबाई नवरीच्या दागिन्यांचं लाल खणात बांधलेलं गाठोडं घेऊन आली तेव्हा त्यानं बॅग उघडून दाखवली. "बघा मावशी, जागाच नाय." इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो मांडवात नाही म्हणाला होता. गोजरबाई दुखावल्या चेहऱ्यानं निघून गेली. त्याला थोडं वाईट वाटलं, पण मजा त्याहून जास्त वाटली.

सोमवारी सकाळी मॅडमच्या जीपमधून तो पिशोरच्या पुढच्या एका वाडीत पोचला. बारव खोल होती. खाली जाईल तसा मोबाइल मुका झाला, गावाचा आवाज वर राहिला. तळाशी चिखल वाळून भेगाळला होता. समोरच्या कोनाड्यात शेषशायी विष्णू पहुडलेला, पायाशी लक्ष्मी. "ऊन तिथं दुपारी थोडाच वेळ पोचतं," मॅडम म्हणाल्या. "तेवढ्यात काढायचं." इंद्रजीतनं स्टँड लावला. ऊन पायरी पायरी खाली येत होतं. असा निवांतपणा त्यानं कधी अनुभवला नव्हता. कुणालाही हसा म्हणायचं नव्हतं.

उतरताना पाठीला काहीतरी टोचत होतं. पडदा सरकला असेल म्हणून त्यानं सॅक चाचपली आणि पाठीकडची चेन ओढली. आत लाल खणाचं गाठोडं होतं.

गोजरबाईला हा कप्पा कळणं शक्य नव्हतं. मग त्याला आठवलं, काल मांडवातून निघायच्या घाईत सॅक सर्जेरावाजवळ होती. नव्या बॅगेच्या सगळ्या चेना दादांनी कौतुकानं उघडून बघितल्या होत्या. नवरीचे दागिने गारखेड्यातून नाहीसे झाले होते, आणि ज्यानं तोंडावर नाही म्हटलं त्याच फोटोवाल्याच्या पाठीवर निघाले होते. आता लग्नघरात काय चाललं असेल?

ऊन शेषाच्या फण्यांवर आलं होतं. एक फोटो काढायला किती वेळ लागतो? पण त्यानं कॅमेऱ्याला हात लावला नाही. मॅडमना कसंबसं सांगून तो फोन लावायला वर धावला.

काठावर पोचतो तो सर्जेराव मोटारसायकल उभी करत होता. डोक्यापासून पायापर्यंत धुळीनं माखलेला. "फोन लागंना तुझा," तो म्हणाला. "माझ्या ध्यानातून पार गेलं बघ. गोजरबाई रडकुंडीला आली व्हती. मी म्हणलं, आण इकडं. इंदरच्या बॅगंत ठिवलं म्हंजी झालं. सवय रे, दुसरं काय."

"काय म्हणतात लग्नघरचे?"

"म्हणायचं काय? मी ठणकावून सांगितलं, माझ्या भावाकडं हाये म्हंजी हाये." सर्जेरावानं तोंड पुसलं. "फकस्त नवरीचा चुलता म्हणतोय, फोटोवाल्यानं सोता चार लोकांत आणून द्यावं. सांजच्याला सोयरे परत जायच्या आत. मी एकटा घेऊन गेलो तर म्हणतील, भावाला लपवतोय." मग त्यानं खाली डोकावून बघितलं. "तुझं काम राहिलं व्हय? जा, उरकून ये. मी बसतो इथंच."

इंद्रजीत पुन्हा खाली उतरला. ऊन कोनाड्यावरून सरकून गेलं होतं. "असू दे," मॅडम म्हणाल्या, "उद्या याच वेळी. मी एक दिवस थांबते." त्यानं वर बघितलं. बारवेच्या तोंडाशी सर्जेराव बसला होता, गुडघ्यावर पाण्याची बाटली धरून. स्वतः न पिता, भावासाठी ठेवलेली.

तो वर आल्यावर सर्जेरावानं बाटली पुढं केली. इंद्रजीत पाणी पीत असताना सर्जेराव हळूच म्हणाला, "गोजरबाईच्या धाकटीची उद्या हळद हाये, परवा लग्न. गर्दीत माफी मागत व्हती. म्हणली, इंद्रजीतभाऊच पायजे, म्हंजी लोकांची तोंडं बंद व्हतील. मी अजून व्हय म्हणलो नाय. तू म्हणशील तर नाय सांगतो."

खरंच सांगितलं असतं त्यानं. इंद्रजीतनं भावाच्या तोंडाकडं बघितलं. धुळीत घामाचे ओघळ उतरले होते. इतका एकटा, इतका कोंडल्यासारखा इंद्रजीत त्या खोल बारवेतही नव्हता.

"घ्या ते लग्न," तो म्हणाला.

खाली मॅडम उद्याची वाट बघणार होत्या. त्यांना सांगायला तो चार पायऱ्या उतरला, तिथूनच ओरडून "जमायचं नाय, मॅडम" म्हणाला आणि उत्तर यायच्या आत वळला.

गाठोडं सर्जेरावाच्या हाती द्यायला त्यानं बाहेर काढलं. "राहू दे," सर्जेराव म्हणाला, "तुझ्याच पाठीवर बरं राहील." आणि त्यानं स्वतः ते चोरकप्प्यात सरकवून चेन लावली, दोनदा ओढून बघितली. इंद्रजीत मागं बसला. सॅक मापाची होती, पाठीला घट्ट बसली होती. उतरताना हवे होते तसे त्याचे दोन्ही हात मोकळे होते. ते त्यानं भावाच्या खांद्यांवर ठेवले.