नणंदेच्या हातातलं बॅटन

निवृत्तीच्या दिवशी विद्यापीठातल्या माझ्या खोलीतलं कपाट रिकामं करत होतो. तळाशी रिलेचं जुनं बॅटन सापडलं. उलटं केलं तर आतून चिमूटभर फक्की सांडली, आणि त्या चुन्याच्या वासासरशी मी हिंगोलीच्या मैदानावर जाऊन उभा राहिलो.

तेव्हा मी सेनगावच्या कॉलेजात नवाच क्रीडा संचालक होतो. आमच्या मुलींचा संघ सगळ्यांच्या पुढं होता. पहिला आला असता तर विद्यापीठाच्या मुख्य स्पर्धेला गेला असता. दुसऱ्या टप्प्यात सुमन पळत होती, नुकतंच लग्न झालेली. बॅटन डाव्या हातात घ्यायचं आणि डाव्यानंच पुढं द्यायचं, हे मी घोटून घोटून शिकवलेलं. पुढं तिची नणंद हात मागं करून पळायला लागली होती. ऐन वेळी सुमन थबकली, बॅटन उजव्या हातात घेतलं, मग दिलं. तेवढ्यात दोन संघ पुढं निघून गेले.

"हात काहून बदलला?" शर्यत संपल्यावर मी चिडून विचारलं.

"नणंदबाई हायेत माझ्या, सर. डाव्या हातानं कसं देऊ?"

"बराबर हाय तिचं," नणंद म्हणाली, आणि आपल्या ओढणीनं तिच्या तोंडावरचा घाम पुसू लागली.

मला दोघींचाही राग आला होता. आता मात्र ती ओढणीच जास्त आठवते.

दुपारी माझ्या जागी आलेला तरुण संचालक चार्ज घ्यायला आला. माझ्या उजव्या हातात फायली होत्या, डाव्यात किल्ल्या. त्यानं हात पुढं केला. मी फायली टेबलावर ठेवल्या, किल्ल्या उजव्या हातात घेतल्या, आणि मग दिल्या.