शेवाळलेल्या दगडाचा भरवसा

गळ टाकायला जागा कशी धरावी हे मला कुणी शिकवायचं नाय, अशी माझी वीस वर्षांची घमेंड होती. वाळूजच्या कंपनीला सुट्टी गुरुवारी. गुरुवार उजाडला की बजाजनगरातून गाडीला किक मारायची आणि धरणाच्या खडकाळ काठावर जाऊन बसायचं. वारा पाठीवर पाहिजे, दगड सरळ पाण्यात उतरलेला पाहिजे आणि बूड पाण्याजवळ पाहिजे. दगड शेवाळलेला, शिंपल्या चिकटलेला दिसला की समजायचं, पाणी इथून हटलं. आता पावसाळ्यापर्यंत काय परत येत नाय. खुशाल डबा सोडा, चपला सोडा, लवंडा.

ही सगळी अक्कल घेऊन मी औंदा कोकणात पोरीकडं गेलो.

खरं तर गळ हे निमित्त होतं. एकुलती एक पोर, दीड वर्षाखाली समुद्राकाठच्या गावात दिलेली, आमच्यापासून रातभराच्या प्रवासावर. जावयासाठी मी वाळूजला एक नोकरी बघून ठेवली होती. बायकोनं निघताना बजावलं होतं, दोघांना इकडं यायला राजी केल्याबिगर तोंड दाखवू नका. दोन दिवस झाले तरी माझी जीभ उचलंना.

तिसऱ्या दिवशी सकाळी पोरीचे सासरे, म्हणजे माझे इवाई, मला मासे धरायला घेऊन गेले. भला माणूस, पण बोलणं मोजकं. सकाळच्या जयभीमपासून चहापर्यंत चार शब्द. त्यांनी एका उंच कातळाकडं बोट केलं, इथंच बसा म्हणले. मी वाकून पाह्यलं तर पाणी दोन पुरुष खाली. इथून मासा धरायचा का पतंग उडवायचा, असं मनात म्हणलं, तोंडावर नाय. खाली पाण्याला लागून एक सपाट दगड होता, शेवाळलेला, शिंपल्यांनी भरलेला. माझ्या हिशोबानं एक नंबर जागा. इवाई नको नको म्हणत होते, तरी मी उतरलोच. पाहुण्याला किती अडवणार बिचारे.

घंटा दीड घंटा मी राजा होतो. दोनदा गळ ओढला. वरून इवाई हात हलवायला लागले. मला वाटलं, जळले. मीबी हात हलवला. तेवढ्यात माझा डबा तरंगत माझ्यासमोरून गेला. मागं पाह्यलं तर ज्या वाटेनं उतरलो तिथं मांडीएवढं पाणी खळखळत होतं. पाचावर धारण बसली. धरणाचं पाणी महिन्यात हलत नाय तेवढं हे तासाभरात चढलं होतं.

पोरगी चहा घेऊन आली होती, ती वरून बोलली. ओरडली नाय, अगदी शांत. "पप्पा, काठी सोडा. हिरव्या दगडावर पाय नका देऊ. डाव्या हाताचा खरबरीत दगड धरा. ही लाट जाऊ द्या. आता या." बजाजनगरात रस्ता ओलांडताना माझं बोट न सोडणारी पोर गुडघाभर पाण्यात उतरून मला हात देत होती. इवायांनी मागून तिचा दंड धरला होता.

वर आल्यावर मी तिच्यावरच भडकलो. भ्यालेल्या माणसाला दुसरं काय येतं? असल्या गावात माणसं राहतात का, म्हणलं. ती हसायला लागली. म्हणली, कालच पौर्णिमा झाली, दुपारी पुरती भरती. भाजी चिरतानाबी ते डोक्यात असतं. इवाई शहाणे, आपला कप उचलून लांब जाऊन बसले. मग मी वाळूजची नोकरी, घराजवळची खोली, सगळं एका दमात सांगून टाकलं.

तिनं ओल्या ओढणीचं टोक पिळलं. "पहिल्या पावसाळ्यात विचारलं असतं ना पप्पा, पळत आले असते. लई रडले मी तवा. आता नाय."

वाईट वाटलं. आणि खोटं कशाला बोलू, बरंबी वाटलं. दोन्ही एकदमच वाटलं.

संध्याकाळी बायकोचा फोन आला, विचारलं का म्हणून. विचारलं, नाय म्हणली, असं सांगितलं.

"रडली का पोरगी?"

"पोरगी नाय," मी म्हणलं.