पोरं उतरल्यावर

रियाधमधल्या शाळेतून मुलीचा दाखला काढायला गेलो, तेव्हा गेटवरच्या रखवालदाराच्या हाताला बँडेज होतं. आठवड्यापूर्वी माझी मुलगी स्कूलबसमध्ये झोपून राहिली आणि ड्रायव्हर बस लावून निघून गेला. भर उन्हात काच फोडून तिला बाहेर काढलं ते यानंच. रत्नागिरीकडचा, साठीचा माणूस. मी त्याचे आभार मानले. तो मात्र खाली बघत बँडेजची गाठ चाचपत राहिला.

"नव्या शाळेत निकाल मागाहून विचारा," तो म्हणाला. "पोरं उतरल्यावर बसमध्ये चढून कोण बघतो, ते आधी विचारा."

नव्या शाळेत मी तेच विचारलं. "ड्रायव्हर बघत असेल," मुख्याध्यापक म्हणाले.

मी प्रवेशाचा फॉर्म भरला आणि बसच्या रकान्यावर काट मारली.