रेडिएटरचं झाकण

आमच्या यजमानांनी गाडीला कधी घाईने हात लावला नाही. आधी हँडब्रेक, मग चाकामागे वीट, मग बोटातली अंगठी काढून खिशात. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली तर शिरायचेच नाहीत, दोन्हीकडे लोखंडी स्टँड लागायचे. पेशाने शिंपी. खडूची रेघ तीनदा बघून मग कात्री लावणारा माणूस.

मी पायरीवरून टोमणे मारायची, "अहो, गाडी दुरुस्त करताय की सत्यनारायण घालताय?"

तिशीची होते. तोंड वेळेवर सुटायचं, अक्कल मागाहून यायची.

एकदा बेट्टदपुरला नणंदेच्या मुलीच्या साखरपुड्याला जायचं होतं. सकाळी बेळगोळला एका गिऱ्हाइकाचे कपडे पोचवून ते परतले तर गाडी तापलेली. दारात उभी करून त्यांनी बॉनेट उघडलं. "रेडिएटरमधलं पाणी उकळतंय. अर्धा तास गार होऊ दे. झाकणाला हात नको," म्हणाले आणि पाण्याची कळशी भरायला आत गेले.

अर्धा तास! मी रेशमी साडी नेसून तयार. कुकरची वाफ जिरल्याशिवाय झाकणाला हात न लावणारी मी, पदर खोचला, ओलं फडकं टाकलं आणि ते झाकण पिळलं.

"बेडा, बेडा," दारातून ओरडत ते आले. नको, नको म्हणत होते; घाबरले की त्यांना कन्नडच सुचायचं. त्यांनी मला ढकललं. साडीवर एक थेंब पडला नाही. उकळतं पाणी सगळं त्यांच्या उजव्या हातावर.

हात बरा झाला, पण अंगठा पुन्हा नीट वळला नाही. कटिंगची मोठी कात्री धरता येईना. दुकानात कटिंगला माणूस ठेवला, हे मशीनवर सरळ शिलाई मारत बसायचे.

गिऱ्हाइकं विचारायची, "तुम्ही एवढे जपणारे, असं कसं झालं?"

"घाई केली मी," ते म्हणायचे. माझ्या समोर. आणि मी कॉफी पुढे करत म्हणायची, "माझं ऐकतात कुठे?"

शेवटपर्यंत त्यांनी तो दोष स्वतःवर घेतला. मीही घेऊ दिला.

आता ते नाहीत. नातीने जुनी गाडी घेतलीय, रविवारी अंगणात खुडबुड करते. परवा ती तापली, तर बॉनेट उघडून मला शिकवायला लागली, "आजी, गार झाल्याशिवाय हे उघडायचं नसतं हं. आजोबांनी घाई केली ना, तसं नको."

"आजोबांनी नाही केली," मी म्हटलं. "मी उघडलं होतं."

तिने पाना खाली ठेवला आणि खुर्ची ओढली. म्हणाली, "मग तू खुर्चीवर बस. इथे फिरकायचं नाही."

बसले. थोड्या वेळाने तीच चुळबुळायला लागली. "झालं असेल ना गं आता?"

"अर्धा तास म्हणजे अर्धा तास," मी म्हटलं. "बस इथे माझ्याजवळ."