जेलची विश्रांती

आमच्या लॅबमधल्या काकांइतका संशयी माणूस उभ्या मावळात सापडणार नाही. वराळ्याच्या या लॅबमध्ये भाजलेल्या जखमेवर लावायचं मऊ जेल बनायचं, आणि ते किती घट्ट आहे हे मोजायचं काम काकांकडे होतं. दोन चकत्यांमध्ये जेलचा थर ठेवायचा, वरची चकती किंचित इकडून तिकडे झुलवायची आणि जेल किती विरोध करतं ते यंत्राने सांगायचं, एवढंच. पण काकांचा यंत्रावर काडीचा विश्वास नव्हता. रस्त्यावरून कंटेनर गेला की ते आकडा खोडून टाकत. जेल चकतीवरून घसरतंय असा वहीम आला म्हणून त्यांनी चकतीला पॉलिशपेपर चिकटवला. एकदा मी शिंकले, तर म्हणाले, "अगं, बाहेर जाऊन शिंक. आकडा हलला!" शिंकेने आकडा हलत नाही म्हटल्यावर त्यांनी मला चार वेळा खोटं खोटं शिंकायला लावून आकडे लिहून घेतले. माणसाने किती छळावं!

संशय नव्हता तो फक्त स्वतःच्या नियमितपणावर. चकत्यांमध्ये दाबलेलं जेल जरा स्थिरावू द्यावं लागतं. म्हणून काका रोज अकराला जेल ठेवायचे, त्याला "घे बाबा विश्रांती" म्हणायचे आणि कोपऱ्यावरच्या मावशींच्या टपरीवर चहाला जायचे. बरोबर पंचवीस मिनिटांनी परत. दोन वर्षं रोज तोच आकडा आला आणि आम्ही सगळे खूश होतो. त्यावरचा अहवाल शुक्रवारी जायचा होता, आणि काकांचं कॉन्ट्रॅक्ट त्याच अहवालावर वाढणार होतं.

बुधवारी काका चार मिनिटांत परत आले. मावशी टपरीला कुलूप लावत होत्या म्हणे. "आज चा न्हाई, भाऊ. पवनानगरला भाचीचा साखरपुडा हाय, जीप गाठायचीय." दुसऱ्या टपरीचा चहा काकांना चालत नसे. जेल विश्रांती कशी घेतं ते तरी बघू, म्हणून त्यांनी लगेच यंत्र सुरू केलं. आकडा नेहमीच्या निम्मा. मग तो मिनिटामिनिटाला चढत गेला, पंचविसाव्या मिनिटाला नेहमीच्या जागी आला आणि न थांबता पुढे गेला. काकांनी नवीन जेल ठेवून भोवती ओल्या स्पंजचं झाकण लावलं. आकडा निम्म्यावर आला आणि जागचा हलला नाही. जेल कडेने वाळत होतं. रोज, मोजून पंचवीस मिनिटं.

"दोन वर्षं आपण माझा चहा मोजला गं," काका म्हणाले. मला हसू आलं. ते हसले नाहीत.

एवढं मऊ जेल जखमेवर टिकलं नसतं, ओघळून गेलं असतं. तरी मी म्हणाले, "काका, शुक्रवारी अहवाल आहे तसाच पाठवू. कुणाला कळणार आहे?" हे मीच म्हणाले. काका रागावले नाहीत. "ज्याच्या अंगाला लावतील त्याला कळेल," म्हणाले आणि साहेबांच्या केबिनमध्ये गेले.

त्या जेलचं काम बंद पडलं. काकांचं कॉन्ट्रॅक्ट वाढलं नाही; ते आता शिरगावला घरीच असतात. मला मात्र ठेवून घेतलं. दुसरं जेल आहे, यंत्र तेच. मध्यंतरी सलग आठवडाभर एकच आकडा आला, सगळ्यांनी अभिनंदन केलं, आणि मी तो आकडा पुन्हा पुन्हा तपासत बसले. काकांना बोलवावंसं फार वाटलं. बोलावलं तर पहिल्या गाडीने येतील, मागचं एक अक्षर काढणार नाहीत, हे मला पक्कं ठाऊक आहे. म्हणूनच फोन करवत नाही.