आईची पट्टी

आम्ही ख्रिस्ती लोक चर्चला देऊळच म्हणतो. आमच्या गावचं देऊळ म्हणजे पत्र्याची एक लांबट खोली. आत गेलं की डावीकडे बायकांच्या सतरंज्या, उजवीकडे पुरुषांच्या, आणि समोर पाळकसाहेबांच्या टेबलाशेजारी जमिनीवर बाबांची पेटी. बाबा टेंभुर्णीच्या बाजारात शिलाईकाम करायचे आणि रविवारी उपासनेत पेटी वाजवायचे. ती ते लहानपणी मारुतीच्या देवळातल्या भजनी मंडळात बसून शिकले होते, त्यामुळे आमच्या गीतांना चाली भजनाच्या आणि शब्द बायबलमधले. याचं गावात कुणाला कधी काही वाटलं नाही. मंडळाची ढोलकी फुटली की ते आमची न्यायचे, आमची फुटली की आम्ही त्यांची आणायचो.

आई शेडनेटवर कामाला जायची. आमच्या भागात कंपन्यांसाठी जाळीच्या आत मिरची-टोमॅटोचं बियाणं पिकवतात. बायका सकाळी लवकर जाऊन एका झाडाच्या फुलातले परागकण दुसऱ्या झाडाच्या फुलाला बोटानं लावतात. त्याला सगळे क्रॉसिंग म्हणतात. काम बोटांचं, त्यामुळे तोंड मोकळंच. सुट्टीत मी तिच्याबरोबर जायचे तेव्हा आई गात असायची. तिचा आवाज जाळीबाहेर बांधापर्यंत ऐकू यायचा. कुणासाठी गायचं म्हणून ती गात नव्हती, काम करताना गाणं आपोआप यायचं. शेजारच्या ओळीतली एक बाई दर चतुर्थीला राजूरच्या गणपतीला जाणारी. ती आमच्या येशूच्या गीताचं धृपद आईच्या मागोमाग खणखणीत म्हणायची आणि वर सांगायची, "चाल लई भारी हाये गं तुमची."

हीच आई रविवारी देवळात गप्प असायची. धृपद बारीक आवाजात म्हणायची आणि कडवं वर चढलं की नुसते ओठ हलवायची. मला वाटायचं, ती लाजते. बाकीच्या बायकाही तसंच करायच्या, म्हणजे सगळ्याच लाजतात.

बाबांनी मला पेटी शिकवायला घेतली तेव्हा मी बारा वर्षांची असेन. पट्टी म्हणजे काय ते त्यांनी पहिल्यांदा सांगितलं. पेटीवरच्या कुठल्या सुराला सा धरायचा, ती आपली पट्टी. आमच्या देवळात पट्टी एकच, काळी एक. ती पुरुषांच्या गळ्याची. बायकांना त्या पट्टीत वरून म्हणावं तर कडव्याला आवाज फाटतो आणि खालून म्हणावं तर तो विहिरीच्या तळाला जातो. बायकांच्या गळ्याची पट्टी काळी चार किंवा पाच. हे कळलं त्या दिवशी मला आईच्या ओठांचा अर्थ लागला आणि राग आला. माझ्या नाकावर राग तसा कायमच असतो, पण हा राग बरेच दिवस टिकला.

मी बाबांना विचारलं, "काळी चार का लावत नाही तुम्ही?"

"पंच काळी एकमध्ये म्हणत्यात," बाबा म्हणाले. "माझ्या आधीचे पेटीवाले बी तिथंच वाजवायचे."

हे पंच म्हणजे आमच्या मंडळीतले, देवळाच्या लोकांतले, एक वडीलधारे गृहस्थ. एसटीत कंडक्टर होते, निवृत्त होऊन गावात राहायला आले होते. दर गीताची पहिली ओळ ते उचलायचे, मग सगळे मागून. आयुष्यभर गाड्यांमध्ये ओरडून कमावलेला आवाज होता त्यांचा. माणूस प्रेमळ होता, पण आपल्या आवाजापलीकडे दुसरा आवाज असतो याची त्यांना खबर नव्हती.

आईला विचारलं तर ती भाकरी थापता थापता म्हणाली, "ओठ हलले तरी देवाला ऐकू येतंय."

मला हे मुळीच पटलं नाही. देवाचं काय ते देव बघून घेईल, मला ऐकू यायला हवं होतं. आईनं देवळात मोकळ्या गळ्यानं गावं, एवढीच माझी इच्छा होती. मी पेटीवर हात बसवला तो त्यासाठी. देवाच्या सेवेसाठी बसवला असं आता मुलाखतीत सांगते, कारण तसं सांगावं लागतं.

मी दहावीत असताना बाबांच्या उजव्या हाताच्या तर्जनीतून मशीनची सुई आरपार गेली. बोटाला हे एवढं बँडेज. रविवारी पेटीला कोण बसणार? पाळकसाहेब म्हणाले, पोरगी बसू दे. मी शनिवारी दिवसभर सराव केला, आणि कुणालाही न सांगता सगळी गीतं काळी चारमध्ये बसवली.

उपासनेला मी भाता हलवला, सा धरला, आणि पंचांकडे बघितलं. त्यांनी नेहमीच्या सवयीनं छाती भरून ओळ उचलली. धृपद कसंबसं निभावलं. कडवं वर चढलं तसा त्यांचा आवाज चिरकला. त्यांनी खोकून पुन्हा धरला, पुन्हा चिरकला. मग त्यांनी खालचा सूर धरला, तर नुसती घरघर यायला लागली. मागची पुरुषमंडळी एकेक करून थांबली. ढोलकीवाल्यानं माझ्याकडे बघून भुवया उडवल्या, पण हात थांबवला नाही. आणि डावीकडून बायका गायला लागल्या. आधी दोघी-तिघी, मग सगळ्या. कडवं पत्र्याला भिडलं. आपल्याच आवाजानं त्या दचकल्या होत्या, तरी थांबल्या नाहीत.

मी आईकडे बघितलं. तिचे ओठसुद्धा हलत नव्हते. पदर डोक्यावरून पुढे ओढून ती मांडीतल्या हातांकडे बघत होती. तिच्या समोर, पलीकडच्या सतरंजीवर, बँडेज बांधलेलं बोट धरून बाबा मान खाली घालून बसले होते, आणि पुरुषांची सगळी रांग त्यांच्याकडे बघत होती.

घरी आल्यावर मला वाटलं होतं आई काहीतरी चांगलं बोलेल. ती म्हणाली, "तुझ्या बापाला खाली बघाय लावलंस."

"पण तुझ्यासाठीच तर केलं."

"मला कव्हा इचारलंस?"

बाबा रागावले नाहीत. दुपारी खाटेवर पडल्या पडल्या एवढंच बोलले, "पट्टी बदलायची व्हती तर आधी सांगायचं बाई. माणूस गायला उभा राह्यल्यावर त्याच्या पायाखालची फळी काढू न्हाई."

पुढच्या रविवारी पंचांनी निरोप दिला की पोरीनं वाजवायला कुणाची हरकत नाही, पण बराबर काळी एकमध्ये वाजवावं. मी म्हटलं, मग नाहीच वाजवणार. बोट बरं होईपर्यंत तीन रविवार देवळात पेटीशिवाय, नुसत्या ढोलकीवर गाणी झाली आणि मी बायकांच्या सतरंजीवर तोंड फुगवून बसले. करायला गेले एक आणि झालं भलतंच, हे कळायचं माझं वय नव्हतं. मी बरोबर होते आणि सगळे चूक होते, एवढंच मला कळत होतं.

अकरावीला मी जालन्याला आले. जालन्यातल्या मंडळीत कीबोर्ड होता, आणि त्याला एक बटण होतं. ते दाबलं की बोटं तिथंच ठेवून पट्टी बदलते. गावी ज्या गोष्टीवरून एवढं रामायण झालं ती इथं एका बटणाची होती. मी कॉलेज करता करता एका संगीत शिक्षकांकडे गाणं शिकले, परीक्षा दिल्या, पुढे शाळेत संगीत शिकवायला लागले. शनिवारी संध्याकाळी देवळात गायकवृंदाचा सराव माझ्याकडे आला. वृंदात बायकाच जास्त. मी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं की गीत बायकांच्या पट्टीत होईल आणि पुरुषांनी आपला खालचा सूर शोधावा. इथं मी आधी सांगितलं, बाबांचा तेवढा धडा घेतला होता. हळूहळू नाव झालं. आजूबाजूच्या मंडळ्या सणांना बोलवायला लागल्या. त्या पोरीनं बायकांना गायला लावलं, असं लोक म्हणायचे आणि मला ते ऐकायला फार आवडायचं. प्रत्येक ठिकाणी बायकांचा आवाज पत्र्याला भिडला की मला आमच्या देवळातली एक जागा दिसायची, डावीकडची, दुसऱ्या रांगेतली, आणि वाटायचं की ती अजून गप्पच आहे.

मध्ये आईच्या गळ्यात गाठ निघाली. जालन्यातच ऑपरेशन झालं. गाठ साधी होती, आई महिनाभर माझ्याकडे राहिली आणि खुणेनं बोलली. नंतर गावी गेली. मी रोज फोन करायचे. टाके दुखतात का, गोळ्या चालू आहेत का, थंड पाणी पिऊ नकोस. उंटावरून शेळ्या हाकाव्यात तसं माझं जालन्यातून चाललं होतं. आईचा आवाज फोनवर जरा बसका वाटायचा. फोनमुळे असेल, असं मी धरून चालले. रविवारी इथली उपासना सुटत नसे, त्यामुळे गावच्या देवळात जाणं लांबतच गेलं.

दोन वर्षांनी एक दिवस पंच माझ्या दारात उभे. काठी टेकत बसनं आले होते. चहा पिऊन झाल्यावर म्हणाले, "कापणीच्या सणाला ये बाई. तुझा बाप आता जल्दी थकून राह्यला, भाता ओढवत न्हाई त्याला. तू वाजव." मग जरा थांबून म्हणाले, "पट्टी तुझी ठेव. आता माझा आवाज कोण ऐकतंय."

मला रडू आलं. पंचांसमोर मी ते येऊ दिलं.

कापणीच्या सणाला लोक शेतातलं पहिलं धान्य, भाजी, कुणी कोंबडीसुद्धा देवळात आणतात आणि उपकारस्तुती करतात. त्या दिवशी समोर मक्याची कणसं, भोपळे आणि लाल मिरच्यांची पाटी होती. मी कीबोर्ड नेला नाही. बाबांची पेटी घेतली, मंडळीला नीट सांगितलं की आज काळी चार, आणि पहिली ओळ एका तरुण बाईला उचलायला लावली. बायका अशा गायल्या की बाहेर रस्त्यावरची माणसं खिडकीशी आली. बाबा पुरुषांच्या रांगेत बसून मान हलवत होते. पंच मांडीवर ताल धरून हसत होते. कुणाची मान खाली नव्हती. माझ्या मनासारखं सगळं झालं होतं, आणि दुसऱ्या रांगेत माझी आई ओठ मिटून बसली होती.

दुपारी मंडळी जेवायला बसली तेव्हा मी तिला मागच्या दाराशी गाठलं. माझा आवाज चढलाच. "आता तरी का नाही गायलीस? आता कोणाची लाज?"

आई पत्रावळी पुसत होती. म्हणाली, "लाज कशाची? वर जात न्हाई गळा. आप्रेशनपास्नं आवाज पार खाली गेल्ता, तो वर आलाच न्हाई. मागनं टाके दाखवाय गेले तव्हा टेंभुर्णीच्या डाक्टरनं सांगितल्तं."

"मला नाही बोललीस."

"तू टाक्यांचं इचारायचीस, मी टाक्यांचं सांगायची." मग ती हसली. "आता तुझ्या बापाचीच पट्टी बराबर बसती मला. दोन वरसं झाली, दर रईवारी गाऊन राह्यले मी. कडवं बी जातं. पंच म्हणत्यात, वयनी, पयली ओळ तुम्हीच उचलत जा. आज तू आल्तीस म्हणून गप बसले."

माझी आई दोन वर्षं आमच्या देवळात मोकळ्या गळ्यानं गात होती. गावात लहानथोरांना ते ठाऊक होतं. तिला गप्प बसवणारा त्या दोन वर्षांतला एकच रविवार होता, आणि तो मी जालन्याहून येऊन साजरा केला होता.

लोक पांगल्यावर मी तिचा हात धरून तिला रिकाम्या देवळात आणलं. बाबाही मागून आले आणि, भाता ओढवत नसला तरी ठेका जमतो म्हणून, ढोलकी पुढ्यात ओढून बसले. मी आईला विचारलं, "कुठली पट्टी?"

"काळी एक."

मी सा धरला. आईनं ओळ उचलली. शेडनेटमधला तो आवाज नव्हताच हा. जाडा होता, जरा खरखरीत, पण एका जागी घट्ट उभा राहणारा. मला तो नवा होता आणि बाबांना पाठ होता, कारण ती कुठं श्वास घेणार ते त्यांच्या ढोलकीला आधीच कळत होतं. धृपदाला मी तिच्याबरोबर म्हटलं. मग कडवं वर चढलं. माझा आवाज फाटला. खालून घेऊन बघितलं, तर तळाशी काहीच लागेना. आई गात राहिली आणि मी गप्प बसून वाजवत राहिले.