बांधाबाहेरची अक्का

"बठ्ठा चोर शेतस!" उंबऱ्यावर उभी राहून, सगळ्या गल्लीवरून बोट फिरवत, झाडून सगळ्यांना चोर ठरवत अक्का म्हणायची. तेही सकाळी चूळ भरायच्या आधी.

तुमच्याही गल्लीत अशी एखादी असेलच, म्हणून सांगतो. मला ती कधीच आवडली नाही. भडगावात गिरणेकाठी आमची गल्ली, आणि तिचं घर सगळ्यांत खाली, नदीच्या तोंडाशी. अंगणात एक बकरी, आणि पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळल्या झाडांच्या, काड्यांच्या मोळ्या रचलेल्या. थंडीत भरिताची वांगी भाजायला पोरं त्यातल्या काड्या ओढून न्यायची आणि ती दगड मारायची. एक माझ्या गुडघ्याला लागलाय. भरिताला तिला कुणी बोलवायचं नाही. बोलावलं असतं तरी ती आली नसती.

एका हिवाळ्यात अवकाळी पाऊस कोसळला. धरण आधीच तुडुंब, त्यामुळे दारं उघडणार अशी भोंग्यावरून सूचना आली. बांध घालायचा तर पोती भरायला वाळू हवी, तर नदीतली वाळू आम्हीच ट्रॅक्टर भरभरून विकून खाल्लेली. मग काळी माती भरली. ती भिजून पोत्यांतून गाळासारखी वाहू लागली. ती थोपवायला अक्काच्या मोळ्या आणून पोत्यांत खोचल्या. तिला विचारलं कुणी नाही.

आणि बांध घातला तिच्या घराच्या वरच्या अंगाने; तिचं घर नदीच्या बाजूला राहिलं.

"मन्या काड्या बांधमा, नि मी बाहेर?" आपल्या मोळ्यांकडे बोट दाखवत अक्काने विचारलं.

गल्लीतले वडीलधारे नाना खाली बघत म्हणाले, "अक्का, तुमना घरपुढे उतार शे. तठे बांध टिकत नही."

ते खरंच होतं. पण तिचं घर वाचावं म्हणून कुणाचा जीव तुटत होता, असंही नाही.

तिने एका मोळीला हात घातला आणि ओढली. माती सुटली. पाणी तिच्या पायरीला लागलेलं, आमच्या मागे आमची घरं. आम्ही ओरडलो, शिव्या दिल्या. ती थांबली. एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं आणि थुंकली. मग मोळी परत आत सारली आणि टाच मारमारून घट्ट बसवली.

"पहिले बकरी ले," तिने मला फर्मावलं. बकरीमागोमाग तिला हात धरून वर ओढलं. हात बर्फासारखा गार होता. त्या घटकेला मला तिची फार माया आली, आणि स्वतःचा रागही.

दुपारी तिचं घर बसलं. बांध टिकला. माझ्या बायकोने चहा पुढे केला. "ठेव तुना चहा," अक्का म्हणाली आणि बकरी घेऊन शिंदखेड्याला भाचीकडे गेली. तिथेच वारली.

तिच्या जागेवरचा चिखल गल्लीने काढला, मुरूम टाकला. तिथे आता आमच्या मोटारसायकली उभ्या असतात.